सूर्यनमस्कार : आकडा नको, ठेवण पाहा



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी नेहमीच वाचायला मिळते. ज्या पाठीवर ही सगळी शेती उभी आहे त्या पाठीविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. "दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?" असा प्रश्न चावडीवर हमखास येतो. मला तो पडला नाही, कारण शाळेत कवायतीच्या तासाला नमस्कार घालायची सवय लागली ती सुटली नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत रोज पंचवीस नमस्कार घालत आलो, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. तो ताठा कसा उतरला आणि उतरल्यावर काय शिकायला मिळाले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी रथसप्तमीला गावातल्या पोरांबरोबर ईर्ष्येने एकशे आठ नमस्कार घातले. दुसऱ्या दिवशी उजवा हात खुंटीवरच्या टोपीपर्यंत जाईना. पुढे दोन महिने सदरा घालायला मदत लागली. ऐन गाळपाचे दिवस; ट्रॅक्टरला तोड मिळालेली आणि मी खांदा धरून ओट्यावर बसलेलो. दोष कोणाचा? माझाच. पण तेव्हा वाटले, वय झाले, दुसरे काय.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागण धाकट्यावर सोपवून दोन महिने थोरल्याकडे डोंबिवलीला राहिलो. एके दिवशी सकाळी हॉलमध्ये नमस्कार घालत होतो, तर नातवाने मोबाईलवर त्याचे चित्रण केले आणि मला दाखवले. "आबा, तुमची पाठ बघा." बघितली. खाली वाकलो होतो खरा, हाताचे पंजेही जमिनीला टेकले होते; पण पाठ कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, मान आत घुसलेली, गुडघे एकमेकांकडे कललेले. पुढे छाती टेकवायच्या वेळी तर मी पोते आदळावे तसा खाली पडत होतो. पन्नास वर्षे ज्याला मी नमस्कार म्हणत होतो तो हा! सूनबाई म्हणाली, "मामा, खालच्या सोसायटीत पहाटे योगाचा वर्ग भरतो. दोन महिने आहात तर जाऊन तरी बघा."

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा आपल्याला माहीत आहे तो नोकरीला गेलेल्या पोरांमुळे. गर्दीच्या लोकलमुळे त्याचे नाव जास्त निघते. पण तिथे योगाची चांगली जुनी मुळे आहेत. ठाण्यातले घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर या दोन संस्था कित्येक वर्षे साध्या नोकरदार माणसांना योग शिकवीत आलेल्या आहेत. अशा संस्थांमुळे ठाण्यापासून कल्याणपर्यंत सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, कुठे गच्चीवरसुद्धा सतरंज्या टाकून वर्ग चालतात. आमच्या वर्गाच्या बाईही ठाण्यातच शिकलेल्या. वर्ग साडेपाचला, कारण साडेसहाला अर्ध्या मंडळींना स्टेशन गाठायचे असते.

पहिल्या दिवशी बाईंनी मला नमस्कार घालायला सांगितला आणि एकच झाल्यावर थांबवले. "काका, शेती का?"

"होय. ऊस."

"पाठीवरून कळलं." मग शेजारच्या एका गृहस्थांकडे बोट करून म्हणाल्या, "आणि यांचा डावा खांदा बघा. उजव्यापेक्षा दोन बोटं वर आहे. तीस वर्षं डाव्या हाताने लोकलची कडी धरून उभे राहिलेत. नमस्कारात हात वर नेले की तोच खांदा कानाला जाऊन चिकटतो."

मला तिथेच विषयाचे मर्म कळले. माणूस सतरंजीवर येताना आपला धंदा बाहेर ठेवून येत नाही. कारकून आपला खांदा आणतो, शिंपी आपली मान आणतो आणि आपण खुरप्या-कोयत्याची पाठ घेऊन येतो. नमस्कार भराभर घातला की शरीर जुनीच वाट धरते. शेतात जसे वाकते तसेच इथे वाकते. मग व्यायामाने ती खोड जाण्याऐवजी आणखी पक्की होते. म्हणजे पंचवीस नमस्कार घालून मी रोज पंचवीस वेळा भांगलणच करत होतो म्हणायचे!

आपल्याला हे गाळपाच्या भाषेत लगेच समजेल. गव्हाणीत ऊस किती पडला एवढ्यावर साखरेची पोती ठरत नाहीत. उतारा काय बसला ते पाहावे लागते. मी आयुष्यभर टनेज मोजले, उतारा कधी पाहिलाच नाही.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडच्या मंडळींना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. समर्थ रामदास नमस्कार घालीत असे परंपरा सांगते. परंतु बारा अवस्थांची ही साखळी हठप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथात सापडत नाही. तिथे आसने आहेत, ती सुटी सुटी. सूर्यनमस्कार हा घराघरांत आणि शाळाशाळांत पोचलेला व्यायाम झाला त्याचे मोठे श्रेय औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांना द्यावे लागते. (किर्लोस्करवाडीला १९१० साली माळरान देणारे ते हेच.) तरुणपणी त्यांना युजेन सँडो या पाश्चात्य पहिलवानाच्या व्यायामाचे वेड होते; त्याची साधने आणि पुस्तके मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. नंतर ते नमस्काराकडे वळले आणि मरेपर्यंत त्याचेच झाले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. १९२८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, तर १९३८ साली लंडनमध्ये नमस्काराच्या दहा अवस्था समजावणारे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज आपण बहुधा बारा मोजतो, सुरुवातीचे आणि शेवटचे उभे राहणे धरून. साधारण त्याच काळात म्हैसूरला कृष्णम्माचार्य श्वासाच्या लयीवर एका आसनातून दुसऱ्यात जायला शिकवीत होते. आज परदेशात जो वाहता योग चालतो, त्याच्या गाभ्याशी हा नमस्कारच आहे.

शाळांतून प्रसार झाला ही भाग्याची गोष्ट, पण त्याबरोबर एक नुकसान झाले असे माझे मत आहे. दोनशे पोरे एका मैदानावर उभी केली की मास्तरांना आकडे ओरडण्यावाचून गत्यंतर नसते. "एक, दोन, तीन…" आकड्याबरोबर हलायचे. मागे राहिला तर छडी. आमच्या पिढीच्या अंगात भिनला तो हा आकडा. ठेवण शिकवायला मास्तरांना वेळच नव्हता, त्यांचाही इलाज नव्हता.

तर बाईंनी पहिला आठवडा मला पूर्ण नमस्कार घालूच दिला नाही. नुसते वाकायला शिकवले. साठ वर्षे वाकून काम केलेल्या माणसाला वाकायला शिकवायचे म्हणजे हसूच येते. पण खरे सांगतो, मला येत नव्हते.

वाकण्याच्या दोन जागा आहेत. एक कंबर, म्हणजे पाठीच्या कण्याचा खालचा भाग. दुसरी खुबा, म्हणजे जिथे मांडीचे हाड ओटीपोटाच्या हाडात बसते ती उखळी. निसर्गाने मोठ्या वाकण्यासाठी खुबा दिला आहे, कंबर नव्हे. कण्याच्या दोन मणक्यांमध्ये लवचिक चकती असते. पाठ गोल करून आपण वाकतो तेव्हा चकतीची पुढची कड दाबली जाते आणि आतला मऊ भाग मागे सरकू पाहतो. मागे नेमक्या पायाकडे जाणाऱ्या शिरा असतात. एकदा वाकल्याने काही होत नाही. वर्षानुवर्षे, ओझ्यासकट, त्याच जागी वाकल्याने होते. आपल्या गावात कंबरपट्टा बांधून हिंडणारे किती आहेत ते मोजून पाहा.

खुब्यातून वाकणे शिकायला बाईंनी वर्गात काठी वापरली होती. गावी आल्यावर मी त्यासाठी उसाचीच कांडी घेतली, आणि ही युक्ती आपल्यापैकी प्रत्येकाला बिनखर्चाची आहे. ८६०३२ चा सरळ वाढलेला ऊस घ्यावा, पडलेला नको. वाढे आणि पाचट काढून सुमारे चार फुटांचा तुकडा करावा. तो पाठीवर उभा धरायचा, एक हात मानेमागे आणि दुसरा कमरेमागे. कांडी तीन ठिकाणी टेकली पाहिजे : डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा सपाट भाग. आता गुडघे किंचित सैल सोडून, मागे भिंत आहे आणि तिला बैठकीने शिवायचे आहे असे समजून खाली वाकावे. तिन्हीपैकी एक जागा सुटली की थांबायचे. तेवढेच आपले आजचे खरे वाकणे. पहिल्या दिवशी मी वीतभर वाकलो आणि माकडहाडावरची काठी सुटली. पंजे जमिनीला टेकवणारा मी! पण लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. गुडघे वाकवले की वाकणे लगेच वाढते, कारण मांडीच्या मागच्या आखडलेल्या शिरांची ओढ कमी होते. हात जमिनीपर्यंत पोचत नसतील तर पंजांखाली दोन विटा ठेवाव्यात. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी विटा, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसने शिकवायची रीत जगभर नेली, तेव्हा आपण वीट घेतली तर कमीपणा कसला?

एक महत्त्वाचे. रात्रभर झोपल्यावर या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. म्हणून अंथरुणातून उठल्या उठल्या खोल वाकू नये. धारा काढून, वैरण टाकून, अर्धा-पाऊण तास चालते-फिरते झाल्यावर नमस्काराला उभे राहावे. शेतकऱ्याची सकाळ त्या दृष्टीने सोयीचीच आहे.

आता वाहण्याविषयी. नमस्कार हे एक आसन नाही, ती वाट आहे. आणि दुखापत बहुतेक मुक्कामावर होत नाही, वाटेवर होते. प्रत्येक अवस्थेचे चित्र भिंतीवरच्या तक्त्यात असते. एका चित्रातून दुसऱ्यात कसे जायचे ते कोणत्याच तक्त्यात नसते. वर्गात बाई सारख्या म्हणायच्या, "मधलं दाखवा, मधलं."

माझा खांदा गेला तो अशाच मधल्या जागी. दोन्ही पाय मागे नेऊन अंग फळीसारखे झाले की तिथून कपाळ, छाती आणि गुडघे टेकवायचे असतात. घाई असली की माणूस कोपरे बाहेर फाकवतो आणि वरून अंग सोडून देतो. त्या क्षणी सगळा भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. एकशे आठ वेळा असे केल्यावर खांदा बोलणार नाही तर काय? बाईंनी सांगितलेला क्रम असा : प्रथम गुडघे अलगद टेकवा. मग कोपरे बरगड्यांना घासत मागच्या दिशेला जाऊ द्या. मनात चार अंक मोजत छाती खाली आणा, शेवटी कपाळ. कंबर थोडी वर राहते. चार अंक मोजता आले नाहीत आणि धपकन पडलात, तर तेवढी ताकद अजून नाही असे समजावे; नुसते गुडघे टेकवून तेवढाच तुकडा पाच-सात वेळा करावा. मला ही एक पायरी जमायला तीन आठवडे लागले.

फळीच्या अवस्थेत आणखी एक गोष्ट लपलेली आहे, ती आपल्या हातांची. खोऱ्याच्या दांड्यावर आयुष्य गेलेली बोटे पूर्ण उघडत नाहीत. पंजा अर्धवट आकसलेला राहतो आणि सारे वजन मनगटाच्या कडेवर, करंगळीच्या बाजूला जाते. मग मनगट दुखते. बोटे फाकवून, अंगठा आणि तर्जनी यांच्या मुळाशी जमीन दाबावी. मनगटे खांद्यांच्या सरळ खाली असावीत. जेवताना डाव्या हाताची बोटे पाटावर पसरून दाबत बसण्याची मला सवय लागली; घरातली माणसे हसतात, हसू द्या.

पाय मागे टाकताना आपण तो फेकतो. फेकू नये, ठेवावा. पुढच्या पायाचा गुडघा घोट्याच्या वर राहील आणि पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने जाईल इकडे लक्ष द्यावे. आत कलला तर सांध्याला पीळ पडतो. परत येताना पाय दोन हातांच्या मध्ये पोचत नसेल, तर हाताने घोटा धरून पुढे आणला तरी चालतो. एकदा उजवा मागे, एकदा डावा, हे मात्र चुकवू नये. मी पन्नास वर्षे उजवाच आधी टाकत आलो होतो.

भुजंगासनात आपण हातांनी ढकलून छाती उंच करतो आणि सगळी मोड कमरेत आणतो. ओटीपोट जमिनीवर राहू द्यावे, कोपरे जराशी वाकलेली, खांदे कानांपासून दूर खाली. उंची कमी झाली तरी चालेल. त्यानंतरच्या पर्वतासनात टाचा टेकवायचा सगळ्यांना सोस. टाचा राहू देत. आधी गुडघे वाकवून बैठक वर उचलावी, पाठ लांब करावी. पाठ सरळ झाली की टाचा हळूहळू आपल्या आपण खाली येऊ लागतात.

श्वासाचा नियम सोपा आहे. छाती उघडते तिथे आत, पोट दुमडते तिथे बाहेर. लोकलकर डोंबिवलीकरांची गंमत अशी की त्यांना श्वास धरून ठेवायची सवय. डब्यात शिरताना धरतात तो ठाण्याला सोडतात असे एक जण स्वतःच म्हणाला. आपली सवय वेगळी, ओझे उचलताना कुंथायची. नमस्कारात श्वास अडकला किंवा तोंडाने घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला समजावे. बाईंच्या वर्गात एक नमस्कार दीड मिनिटाला पुरत असे. पहिल्या दिवशी वाटले होते, यात कसला घाम येणार! चौथ्या नमस्काराला सतरंजी भिजली.

दुसऱ्याचे डोळे याला लागतात. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. वर्ग नसेल तर घरातल्या पोराला मोबाईलवर बाजूने चित्रण करायला सांगावे आणि आठवड्यातून एकदा पाहावे. समोरून नको, बाजूनेच. ठेवण बाजूने दिसते.

थोडे सावधगिरीचे. रक्तदाब जास्त असलेल्यांनी, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी, डोळ्यांत काचबिंदू असलेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार सुरू करू नयेत. गरोदर भगिनींनी तर नाहीच. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ मांडीवरून खाली उतरत असेल तर व्यायाम थांबवून आधी तपासून घ्यावे. जेवणावर तीन-चार तास जाऊ द्यावेत. आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजून पहाटे घरी आलेल्या माणसाने कोणाचे ऐकून नमस्कार घालू नयेत; त्याने झोपावे. संध्याकाळी घातले तरी सूर्य रागावत नाही.

ऊसतोडीला आलेल्या मजूर बंधु-भगिनींना मात्र मी हे सांगायला जाणार नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे बरे दिसत नाही. तिला विश्रांती आणि नीट निवारा मिळणे ही आधीची गोष्ट आहे.

भगिनींसाठी एक शब्द. भांगलणीला उकिडवे बसून त्यांचे खुबे आपल्यापेक्षा मोकळे असतात, हे मी आमच्या घरीच पाहिले. सौभाग्यवतींनी कांडी पाठीला लावली आणि पहिल्याच दिवशी माझ्या दुप्पट वाकल्या. खांदे आणि मान मात्र डोक्यावरच्या भाऱ्याने आखडलेली. त्यांनी हात वर नेण्याच्या अवस्थेत जास्त वेळ घालवावा.

सध्या मी रोज सहा नमस्कार घालतो, तीन उजवे आणि तीन डावे. नऊ-दहा मिनिटे लागतात. खांदा उठतो, टोपी माझी मीच काढतो. कांडी पाठीला लावून वाकताना आता हात गुडघ्याच्या खाली चार बोटे जाईपर्यंत ती सुटत नाही. डोंबिवलीहून निघताना बाई म्हणाल्या होत्या, "काका, पुढच्या पावसाळ्यात याल तेव्हा पाठ तपासणार आहे." म्हणून कांडी दर पंधरा दिवसांनी बदलतो. वाळली की ती वाकडी होते, आणि वाकड्या कांडीवर पाठ सरळ आहे की नाही ते कळत नाही.